वॉटलला काय वाटतं

हनुवटीपर्यंत पुस्तकांचा ढीग घेऊन मार्नी डॉयल शाळेच्या वाचनालयात शिरली आणि थेट एका माणसाच्या पायांत अडखळली. पुस्तकं चहूकडे पसरली. माणूस चक्क गालिच्यावर आडवा झाला होता, शेजारी एक पिवळसर कुत्री बसली होती, आणि ती मार्नीकडे अशी बघत होती, जणू चूक मार्नीचीच!

"अरे अरे... सॉरी!" तो धडपडत उठला. "वॉटल विचारतेय, फार लागलं नाही ना?"

"कोण विचारतंय?"

"ही. वॉटल." त्यानं कुत्रीकडे मान वळवली. "जातीनं मेंढ्या राखणारी, पण मेंढी दिसली की माझ्या मागे लपते. म्हणून इकडे आणतो. मी कॅलम. एरवी दुधाचा टँकर चालवतो."

त्याचे डोळे करडे होते. मार्नीनं उगाचच एक पुस्तक दोनदा उचलून ठेवलं.

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या छोट्या शाळेत ती नवीनच होती. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी, तात्पुरती. वाचताना अडखळणारी मुलं दर मंगळवारी या कुत्रीला गोष्ट वाचून दाखवतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ती कपाटाआडून बघत राहिली.

सात वर्षांची एस्मे वॉटलच्या पोटाला टेकून वाचत होती. 'दीपगृह' या शब्दापाशी गाडी अडली. एस्मेचे कान लाल झाले. कॅलम गप्प. मार्नीच्या अगदी ओठांवर आला शब्द, पण तो मात्र ढिम्म! बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "वॉटलला कळलं नाही गं, हे काय असतं ते. चित्र बघून सांगशील तिला?"

एस्मेनं चित्र बघितलं, पुन्हा अक्षरं बघितली. "दी... दीपगृह! मिस, हिला माहीतच नव्हतं!" आणि तिनं वॉटलच्या कानात सगळं समजावून सांगितलं. त्या क्षणी ती त्या माणसाच्या प्रेमात पडली, हे तिला पुढे कधीच नाकारता आलं नाही.

पण तो? इथेच सगळा घोळ होता.

"वॉटल म्हणते, तू सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही," असं म्हणत तो कागदात बांधलेला, खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक पुढे करायचा.

"वॉटलला बरं कळतं!"

"तिला तुझे केस असे मोकळेही आवडतात."

"वाऱ्यानं विस्कटलेत म्हणावं तिला."

"मग ती वाऱ्याचे आभार मानतेय."

मार्नी लाजायची, आणि लगेच तिच्या मनात शंकेचा किडा वळवळायचा. कारण हाच माणूस मुख्याध्यापिकांनाही तितक्याच गोड आवाजात म्हणायचा, "वॉटलला तुमचा नवा कोट फार आवडला हं." सफाईवाल्या बाईंना, मुलांच्या आजोबांना, सगळ्यांना तेच! मग आपले मोकळे केस नक्की कुणाला आवडले? कुत्रीला? त्याला? की ही नुसती सवय? ती अगदी गोंधळून गेली होती.

त्यात राजधानी होबार्टहून फोन आला. मोठं वाचनालय, कायमची नोकरी, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. नोकरी तिला मनापासून हवी होती. आणि कुणीतरी 'जाऊ नकोस' म्हणावं, असंही तितक्याच मनापासून वाटत होतं.

मंगळवारी मुलं गेल्यावर तिनं विचारलंच. "जाऊ... की नको?"

वॉटलचा कान कुरवाळणारा त्याचा हात थांबला. खिडकीबाहेर समुद्रावरून पावसाची भुरभुर येत होती.

"वॉटल म्हणते... तुला हवं ते कर. घाई नाही."

"वॉटलला कशाला असेल घाई!" मार्नी उसळली. "आणि तुला काय वाटतं?"

त्यानं घाईनं वॉटलचा पट्टा उचलला. घंटा झाली, पुढचा वर्ग धावत आत आला, आणि तो कुत्रीला घेऊन निघूनही गेला. त्याला काही पडलेलीच नाही, असं मार्नीनं स्वतःला बजावलं आणि डोळे पुसले.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती फोन हातात घेऊन वाचनालयाच्या पायरीवर उभी होती. फाटकाशी दुधाचा टँकर करकचून थांबला. कॅलम उतरला. एकटाच. मुलांनी त्याला घेरलं.

"वॉटल कुठाय?"

"घरी."

"मग तू कशाला आलास?" एस्मेनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तेच सांगायला आलोय," म्हणत तो मार्नीसमोर येऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. "कुत्र्यांना घेऊन येणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी शिकवतात... मूल अडलं तर शब्द पुरवायचा नाही. पुरवला की ते स्वतःचं वाचत नाही, आपल्या तोंडाकडे बघत राहतं. मला वाटलं, तू ठरवत्येस. मी मध्ये बोललो, तर तू माझ्या तोंडाकडे बघून ठरवशील."

"मी काय सात वर्षांची आहे, कॅलम?"

"नाहीस. मूर्ख मी आहे." त्यानं मोठा श्वास घेतला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. जाऊ नकोस... म्हणजे, जा! नाही... मला नाही माहीत गं! तू गेलेलं मला नकोय, आणि माझ्यामुळे राहिलीस तर तेही नकोय. प्रेम आहे, एवढं मात्र नक्की."

मार्नी हसायला लागली आणि हसता हसता रडायला. 'जाऊ नकोस' हे ऐकायला ती इतकी आसुसली होती, आणि आता ऐकल्यावर उमगलं, की तिला राहायचं नव्हतंच. कुणाला तरी आपण हव्या आहोत, एवढं कळायला हवं होतं.

तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं होबार्टला फोन लावला. "हो, मी मार्नी डॉयल... होय, येते मी. पुढच्या सत्रापासून."

कॅलमचा चेहरा पार उतरला. तरी हात त्यानं सोडवून घेतला नाही.

"अभिनंदन," तो कसाबसा म्हणाला.

"होबार्ट साडेतीन तासांवर आहे," मार्नी म्हणाली. "तुझा टँकर शनिवारी बंद असतो ना?"

"असतो..." तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत उजेड पडला. "म्हणजे... मी यायचं?"

"पहाटेच निघ," ती म्हणाली. "मी वाट बघेन."