वरची पकड

धाकटीच्या मनगटाला आता काही झालेलं नव्हतं. म्हणजे जे झालं होतं, ते भरून आलं होतं. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "झकास. आता लटका, कोलांट्या मारा, काय हवं ते करा." पण हात ऐकत नव्हते. लहान मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवणारी ही बाई, बारवरून पडल्यापासून बसचा दांडासुद्धा धरू शकत नव्हती. धरला की बोटं आपोआप उघडायची. क्लासने तिची जागा अजून ठेवली होती, पण ते तरी किती दिवस थांबणार?

म्हणून थोरलीने कडी करायला घेतली. घरीच, मागच्या खोलीतल्या लोखंडी तुळईला टांगायची, जिम्नॅस्टिक्सला धरून लटकतात तशी दोन लाकडी कडी. थोरली कृत्रिम पायांच्या कारखान्यात साचे घडवायची, त्यामुळे लाकूड आणि माणसाचं अंग एकमेकांशी कसं जुळवून घेतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दुकानातून नवी कोरी प्लाय आणली, गोल कापले, सरस लावून एकावर एक चिकटवले आणि शिकंज्यात आवळून ठेवले. सुकल्यावर कानशीने कडा मोडून गोल केल्या. मग पॉलिश पेपर घेऊन बसली. हे काम ती डोळे मिटून करायची. जिथे बोट अडेल तिथे घासायचं, एवढंच.

कडी टांगायच्या पट्ट्या बाबांनी शिवल्या. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. जाडजूड पट्टी मशीनखालून काढत म्हणाले, "हिला हत्ती टांग. शिलाई उसवली तर मला सांग."

"हत्ती कुठून आणू?"

"मग तुझ्या आत्याला टांग."

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी थोरलीने सहज एका कड्यावरून हात फिरवला. वरच्या बाजूला, जिथे पट्टी बसणार त्याच्या शेजारी, अंगठ्याएवढा खळगा लागला. उथळ, गुळगुळीत. जास्त घासलं गेलं, ती मनात म्हणाली. तिने कडं पुन्हा कानशीखाली घेतलं आणि सगळीकडून सारखं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खळगा परत तिथेच होता. आता पलीकडच्या अंगाला चार बोटांचे चार होते. दुसऱ्या कड्यालाही तसेच.

ती बराच वेळ बघत बसली. जुन्या हातोडीच्या दांड्याला पडतात तसे होते ते. वर्षानुवर्षं एकाच हाताने धरल्यावर पडणारे. आणि हे लाकूड तर परवा दुकानातून आलं होतं. तिने आपला हात लावून पाहिला, जुळेना. बाबांना धरायला लावलं.

"कुणाचं माप घेतलंस गं हे?" बाबा म्हणाले. "बोटं केवढी लांब आहेत."

ही कडी टाकून नवी करावीत, असं तिने ठरवलंच होतं. तेवढ्यात धाकटी खोलीत आली. टेबलावरचं कडं तिने उचललं, खालच्या बाजूने धरलं आणि धरूनच राहिली. बोटं उघडली नाहीत.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हे टांग ना."

थोरलीने दोन्ही कड्यांना जवसाच्या तेलाचा हात दिला, फडक्याने कोरडं पुसलं, कडी टांगली आणि खाली गादी अंथरली. व्हार्निश मुद्दाम लावलं नाही. त्यावरून हात सटकतो. धाकटी पहिल्यांदा गुडघे वाकवून नुसती लोंबली. पुढे रोज थोडी जास्त. काही आठवड्यांत पट्ट्या वर घ्याव्या लागल्या. ती पुन्हा जेवणावर तुटून पडू लागली, बाबांशी भांडू लागली. क्लासला फोन करून 'येते' म्हणाली.

"भीती नाही वाटत?" थोरलीने एकदा विचारलं.

"नाही. वरून कुणीतरी धरलंय असं वाटतं."

थोरलीची नजर कड्यांवरच्या त्या खळग्यांकडे गेली. पण बहिणीचा तजेलदार चेहरा समोर होता. नवी कडी करते, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. लाकूड आहे, ती स्वतःला बजावत राहिली. ओल धरली असेल, दबलं असेल. त्यावर आपला विश्वास नाही, हेही तिला कळत होतं.

एका सकाळी धाकटी पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून लटकली होती. थोरली दारात चहाचा कप घेऊन उभी होती.

डाव्या पट्टीचं बक्कल सरकलं. बाबांची शिलाई शाबूत होती, बक्कलच सुटलं. तुळईवरून, कड्यातून सळसळत पट्टी निघाली आणि खाली गादीवर येऊन पडली.

कडं जागचं हललं नाही.

थोरलीने कप दाराशीच ठेवला. 

मग उजवी पट्टी पडली.

धाकटी हवेत होती. तिच्या दंडाचे स्नायू ताणलेले होते, श्वास संथ होता. मग ती सावकाश खाली येऊ लागली, मूल कडेवरून उतरवावं तशी. पावलं गादीला टेकली. हात मात्र वरच राहिले.

"ताई," डोळे न उघडताच ती म्हणाली, "माझं झालं. सोडायला सांग ना."

"कुणाला?"

"मी सोडलं तरी ते माझी बोटं सोडत नाहीत. रोज जरा वेळ लागतो."

थोरलीने वर पाहिलं. छताखाली काहीच नव्हतं. रिकामी तुळई, तिच्यावर सकाळचं ऊन.

"सोडा तिला," ती म्हणाली. आपण अहो-जाहो का केलं, ते तिला कळलं नाही.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग धाकटीचे हात मोकळे होऊन खाली आले. कडी पडली नाहीत. एक खाली आलं, मागून दुसरं, आणि दोन्ही गादीवर टेकली, शेजारी शेजारी, आवाज न करता.

धाकटीने मनगटं चोळली. डोळे उघडले, वर पाहिलं आणि हलकेच मान डोलावली. रोज भेटणाऱ्या माणसाचा निरोप घेताना डोलावतात, तशी.