हाकगंध

सातारच्या त्या सोसायटीत गुलाब, क्रोटन लावायला बंदी होऊन बरीच वर्षं झाली होती. कुंपणाला कुडा, गेटपाशी करवंद, पार्किंगभोवती रुई. सगळी इथल्याच मातीतली. फुलपाखरं तर विचारू नका, चहाच्या कपावर येऊन बसायची! एवढ्यावर भागलं असतं. पण बाजूच्या सोसायटीपेक्षा आपल्याकडे जास्त हवीत ना!

यमुनाबाई धुमाळ त्या सकाळी डोंगरातल्या गावाहून तावातावानं आल्या आणि बाग उभारणाऱ्या डॉ. सप्रेंसमोर त्यांनी पिशवी उपडी केली. आत होते पिवळे पडून गळालेले, लिंबाएवढे भोपळे.

"आमच्या रानात औषधाला मधमाशी उरली नाही. माझी जाऊ रोज सकाळी नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावत फिरते. हे काय माणसाचं काम आहे? खरं सांगा, काय केलंत तुम्ही?"

"झाडं देशीच आहेत हो."

"ते पाटीवर वाचलं मी. पुढचं बोला."

सप्रेंनी चष्मा पुसला. "फुलाचा वास म्हणजे किड्यांना घातलेली हाक. कुड्याची हाक या आवारापुरती असायची. आम्ही त्याच्या जनुकांत फेरफार केला, आता ती पार तुमच्या डोंगरापर्यंत पोचते. याला आम्ही हाकगंध म्हणतो. आलेला जीव मग परत जात नाही."

"म्हणजे आमचं ओरबाडून तुमची शोभा! थांबा, एकेक उपटूनच टाकते."

"उपटा की."

त्यांनी अडवलं नाही, याचाच यमुनाबाईंना जास्त संशय आला. तरी त्यांनी कुड्याचं खोड धरलं. माती भुसभुशीत होती, एका हिसक्याचं काम. नाकाशी पांढरी फुलं आली आणि त्यांची पकड सुटली. जरा टेकू, मग उपटू, असं वाटून त्या तिथंच बसल्या.

"माणसांवर नाही ना चालत हे?" त्यांनी घाबरून विचारलं.

"चालू नये," सप्रे म्हणाले. "मी रोपं लावून दोन दिवसांत पुण्याला परतणार होतो. आईचं ऑपरेशन होतं. आई गेली. त्यालाही पाच वर्षं झाली."

तेवढ्यात जावेचा फोन आला. "अक्का, दुपारची एसटी धरताय न्हवं? एकटीला रान उरकंना."

यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"इंदू," त्या म्हणाल्या, "रान राहू दे गं. तूच ये इकडं."