अतंगाचं चाक

वाळवंटाकडून हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की आमच्या गावात ओठ फुटतात, दारं आकसतात आणि सदरा काढताना अंगावर चटचट आवाज होतो. बाकीचे वैतागतात. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, मला हाच हंगाम हवा असतो, कारण कोरड्या हवेत विद्युतभार टिकतो. यंदा जवळच्या बोल्गातांगा शहरातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी घरच्या घरी स्थितिक विजेचं यंत्र बांधायला घेतलं होतं. प्लॅस्टिकच्या पाइपाचा खांब, वर तोंडाला तोंड लावून बसवलेली अॅल्युमिनियमची दोन घमेली आणि पाइपातून वरखाली धावणारा रबरी पट्टा. पट्टा फिरवायला न डगमगणारं चाक हवं होतं. आमच्या घरात तसं एकच होतं, माझ्या मोठ्या भावाच्या, अतंगाच्या सायकलचं. त्याच सायकलच्या साखळीत त्याचं मधलं बोट अर्धं तुटलं होतं.

अतंगा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याला पुरलं होतं, पण शेवटचा विधी राहिला होता, आणि तो होईपर्यंत माणूस घरातच असतो असं आमच्याकडे मानतात. त्याच्या वस्तूंना तोवर हात लावायचा नाही. विधीच्या दिवशी त्या बाहेर काढून एकेक मोडायच्या, म्हणजे तो निघतो आणि त्याची बायको मोकळी होते. अपोकावहिनी त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. बोल्गातांगाचा शिंपी अकोल्गो तिच्याशी लग्न करायला थांबला होता. विधी प्रदर्शनानंतर दहा दिवसांनी होता.

तोवर चाक परत जागेवर जाईल, असं मनाशी म्हणत मी ते काढून आणलं.

चाचणीपुरता मी जुन्या ट्यूबचाच पट्टा कापला. तो चालणार नाही हे मला ठाऊक होतं. काळ्या रबरात काजळी असते, त्यावर भार टिकत नाही. दरवर्षी मी हे वर्गाकडून घोकून घेतो. चाक दहा वेळा फिरवलं आणि घमेल्यावरून बोटभर ठिणगी माझ्या कोपरावर आली. मी पट्टा काढून पाहिला, पुसला, पुन्हा चढवला. आता ठिणगी वीतभर आली.

आनंद व्हायला हवा होता. मी कागदावर कारणं लिहीत बसलो आणि एकही मला पटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी शेंगा वाळत घालायला अंगणातून गेली. तिच्या कमरेच्या कापडाचं सुटं टोक यंत्राच्या बाजूला उचललं गेलं. चाक सकाळपासून फिरलं नव्हतं.

"भावोजी, तुमचं हे बुजगावणं माझं कापड ओढतंय."

"हवा कोरडी आहे वहिनी. कुणाचंही ओढेल."

"मग तुमचं का नाही ओढत?"

ती चाकाकडे बघत राहिली. मी टायर काढून टाकला होता, तरी बघत राहिली.

तिची भीती मोडावी म्हणून रविवारी भर दुपारी मी घरच्या घरी प्रयोग मांडला. वहिनी आणि आई प्लॅस्टिकच्या खोक्यांवर उभ्या. वहिनीचा एक हात घमेल्यावर, दुसरा आईच्या हातात. आईला दिसत नाही, म्हणून जमिनीत पुरलेली तार तिला आधी चाचपून दाखवली होती. मी सांगेन तेव्हा तिनं मोकळ्या हातानं ती शिवायची, म्हणजे दोघींना हलकासा झटका बसणार होता.

मी चाक फिरवू लागलो. वहिनीचे केस उभे राहिले, तशी ती घाबरत घाबरत हसली. एवढ्यात दोघी एकदम किंचाळल्या.

"आई, मी सांगायच्या आधी तार का शिवलीस?"

"तार कुठे शिवले? तूच माझा हात धरलास ना!"

"मी इथे चाक फिरवतोय."

आईनं हात पुढे केला. मी तो धरला. तिनं माझी बोटं एकेक करून चाचपली.

"तुझी सगळी शाबूत आहेत," ती म्हणाली.

वहिनी खोक्यावरून उतरली. "ते त्याचं चाक आहे," ती हळूच म्हणाली. "विधीआधी परत ठेवाल ना, भावोजी?"

"ठेवीन."

"शपथ घ्या."

मी शपथ घेतली, आणि तेव्हा ती खरी होती.

प्रदर्शनात आमचा पहिला नंबर आला. यंत्र पुढे राजधानीत, अक्राला पाठवायचं ठरलं. घरी येऊन मी चाक बदललं. दुसऱ्या चाकावर एकही ठिणगी उडेना. तीन चाकं लावून पाहिली.

विधीच्या दिवशी सायकलला त्यातलंच एक होतं. चाकासारखं चाक, कोण बघतंय! म्हाताऱ्यांनी सायकल कुऱ्हाडीनं मोडली. आई बराच वेळ चाकाच्या वाकलेल्या तारांवरून हात फिरवत बसली आणि उठून आत गेली. वहिनी दोन वर्षांनी मनापासून हसली. पुढच्या बाजाराच्या दिवशी अकोल्गो तिला घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये ती आईला भेटायला आली, वाटेत शाळेत डोकावली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. भिंतींना ओल होती. अशा हवेत भार क्षणभरही टिकत नाही. अक्राहून परत आलेलं यंत्र प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात होतं.

ती खूप वाळली होती. कपडे चिंब भिजलेले.

"झोप लागत नाही भावोजी. कुठल्याही कुशीवर निजले तरी उठते तेव्हा तोंड ह्या गावाकडेच असतं."

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"चाक मोडलं होतं ना?"

"तुझ्या डोळ्यांदेखत मोडलं, वहिनी."

तिनं मान डोलावली.

तिच्या कापडाचं ठिबकतं टोक उचललं गेलं आणि कपाटाच्या दिशेनं ताठ राहिलं.

तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हातानं ते खाली दाबलं, रोजचं काम असावं तसं, आणि आई कशी आहे ते विचारू लागली.