धारागडाची ठेव

पूर्वेच्या डोंगरमाथ्यावर तांबडे फुटले, दरीतले धुके विरळ झाले आणि धारागडाच्या तटावरून पातशाही फौजेच्या राहुट्यांचा वेढा पुन्हा नजरेस पडला. खाली जाळलेल्या गावांची काळी राने, त्यांत पसरलेली छावणी आणि मधोमध उपाशी गड. पाखरांखेरीज कोणालाही बाहेर पडायला वाट उरली नव्हती.

अंबारखान्यातले धान्य सरले होते. उरले होते फक्त बियाणे. वेढा पडण्यापूर्वी खोऱ्यातल्या कुणब्यांनी पावटा, भोपळा, वांगी, दोडका, नाचणी यांचे निवडक बी गडावर आणून किल्लेदार सिदोजी पवारांच्या विधवा बहिणीच्या, आक्कासाहेबांच्या, हवाली केले होते.

त्या सकाळी गडाचा सरनोबत भवानजी बियाण्याच्या कोठीसमोर येऊन उभा राहिला. आदल्या दिवशीच त्याची आई उपासमारीने गेली होती.

"आक्कासाहेब, मूठभर पावट्यांची पेज मागत तिने प्राण सोडला. आता तरी कोठी उघडा. माणसेच मेली तर पेरणार कोण?"

"भवानजी, तुमच्या आईच्या मृत्यूचे पातक माझ्या माथी आहे, मी नाकारीत नाही," आक्कासाहेब म्हणाल्या. "पण हे खाऊन गड चार दिवस जगेल आणि पुढल्या पावसाळ्यात सारे खोरे मरेल. ही लोकांची ठेव आहे. ती मोडण्याचा अधिकार मला नाही."

भवानजी मुजरा न करताच वळला.

अखेर सिदोजींनी गड खाली करून देण्याच्या बोलीवर अभयाचा कौल मागितला. मोगल सरदार मुनीरखानाने जीवदान कबूल केले, पण अट घातली की अंगावरच्या वस्त्रांनिशी उतरावे. शस्त्र, जवाहीर अथवा बियाण्याचा एक दाणाही नेऊ नये. खोरे ओसाड राहिले म्हणजे मराठ्यांना तिथे पुन्हा थारा मिळणार नाही, हे तो पुरते ओळखून होता.

अट ऐकताच आक्कासाहेबांनी कोठी उघडली. बायकांच्या अंबाड्यांत, लुगड्यांच्या काठांत, पागोट्यांच्या पेचांत बी वाटले गेले. भवानजीपाशी मात्र त्या थबकल्या.

"तुम्हांवर सक्ती नाही."

त्याने आपले पागोटे सोडून पुढे धरले.

दुपारी लोक उतरू लागले. ते दुसऱ्या दरवाजाशी पोहोचताच मागचा पहिला दरवाजा बंद झाला आणि त्या दोहोंमधल्या उंच भिंतींच्या बोळात सारा गड कोंडला गेला. वारा नाही, बसायला जागा नाही. पुढे भाले, मागे अडसर. झडती सुरू झाली. तोच एका म्हातारीच्या अंबाड्यातून भोपळ्याची बी फरशीवर पडली.

"सगळ्यांचे केस कापा, वस्त्रे उसवा!" मुनीरखान गरजला. "बी सापडेल त्याची गर्दन मारा!"

आक्कासाहेब पुढे झाल्या. "खानसाहेब, ती बी मी लपवली. म्हातारीला ठाऊकही नाही. उरलेली ही घ्या." त्यांनी ओटीतली पुरचुंडी त्याच्या पायाशी उपडी केली.

खानाचा विश्वास बसला नाही. त्याची नजर भवानजीवर स्थिरावली. "सरनोबत, खरे सांग. घोडा आणि मनसब देतो."

भवानजीने आक्कासाहेबांकडे पाहिले आणि तो ओरडला.

"खरे ऐका तर! या बाईने माझ्या आईला उपाशी मारले. मरत्या माणसाला जिने दाणा दिला नाही, ती आम्हांला बी देईल? जे होते ते हिच्याच ओटीत होते!"

त्या शब्दांतला संताप इतका खरा होता, की खानाने झडती थांबवली. किल्लेदाराची बहीण म्हणून गर्दन वाचली, पण आक्कासाहेबांना बेड्या पडल्या. जाताना त्यांनी भवानजीला हात जोडले. त्याने मान खाली घातली. दुसरा दरवाजा उघडला.

पावसाळ्यात खोऱ्यात पेरणी झाली. ज्याच्याकडे जे उगवले, त्याचे बी त्याने शेजारच्या गावाला दिले. दिवाळीच्या सुमारास वार्ता आली, की आक्कासाहेब कैदेतच वारल्या.

भवानजी सिदोजींच्या शेतावर गेला. "किल्लेदार, मी जे बोललो, ते सगळेच खोटे नव्हते. मला क्षमा करा."

सिदोजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "तुम्ही बोललात म्हणून ही माणसे जगली, भवानजी. पण ती माझी बहीण होती. क्षमा माझ्या तोंडून निघत नाही."

मग ते थोडे सरकले आणि वाफ्यात भवानजीला जागा करून दिली. दोघे उन्हे कलेपर्यंत बियाण्यासाठी वाळलेल्या शेंगा खुडत राहिले.