तिसरं पिकअप

टांपेरे शहरातल्या त्या तळघरात केर्त्तूबद्दल एकच तक्रार होती: तिच्या आठ तारांच्या गिटारची आठवी, सगळ्यात जाड तार तालाच्या मागे, उशिरा येते. बॉम्ब पडले तर लपायला म्हणून बांधलेलं ते जाड भिंतींचं तळघर इमारतीतल्या लोकांनी बँडला तालमीसाठी दिलं होतं. सोमवारी अल्बमचं रेकॉर्डिंग होतं. तोवर तार सुधारली नाही, तर केर्त्तूच्या जागी दुसरा कुणीतरी येणार होता. बारा वर्षांनी बँड सोडायचा म्हणजे तिला घर सोडण्यासारखंच होतं.

"सात तारा आल्या. आठवी मागच्या बसने येतेय का गं?" ड्रमवाला सांपो म्हणाला.

"तू तुझा वेलचीचा पाव खा."

हात चुकत नव्हते. खोट होती ती तारांखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेचा थरथराट आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पकडे पोचवणाऱ्या त्या लोहचुंबकाच्या वेटोळ्यात. मूळच्या पिकअपवर जाड तारेची नुसती लापशी व्हायची. दुसरं आणलं ते जबर ताकदीचं; त्यावर बारीक तारा किंचाळायला लागल्या. तिसरं लेपिस्त्यो नावाच्या म्हाताऱ्याने हाताने गुंडाळलेलं होतं. "वेढे कमी घातलेत. ताकद कमी, पण चपळ आहे," एवढंच तो बोलला होता.

शनिवारी सकाळी तिने ते बसवलं. पहिल्याच फटक्याला जाड तार अशी स्वच्छ बोलली की केर्त्तूला हसू आवरेना.

नखीचा टकटकाट रेकॉर्डिंगच्या एका पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, आणि अ‍ॅम्पचा सूर दुसऱ्या पट्टीवर घ्यायचा, मग दोन्हींतलं अंतर मोजायचं, अशी त्यांची रीत. सांपो संगणकाच्या पडद्यावर वाकला.

"सूर आधी आलाय."

"कशाच्या आधी?"

"नखीच्या."

त्यांनी वायरी बदलल्या, अ‍ॅम्प बदलला. पुढच्या खेपेला अंतर अर्ध्या सेकंदावर गेलं, मग तीन सेकंदांवर. केर्त्तूने हात वर उचलायचा आणि अ‍ॅम्पने तिच्या मनातली ओळ आधीच वाजवून टाकायची. ती ओळ तिचीच होती, आणि इतकी नेमकी तिने कधीच वाजवली नव्हती.

सांपोने थोडा वेळ हनुवटी खाजवली. मग सुरांची अख्खी पट्टी तीन सेकंद मागे सरकवली. सगळे सूर ड्रमच्या ठोक्यावर चपखल बसले.

"वाईट नाही," तो म्हणाला. सांपोच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणी ऐकली नव्हती.

का, कसं, हे दोघांनीही विचारलं नाही. काम होत होतं. केर्त्तूने कॉफी ओतली. कित्येक महिन्यांनी तिला पोटभर समाधान वाटत होतं. सोमवारी ती इथेच असणार होती.

"शेवटचं एकदा, पूर्ण गाणं," ती म्हणाली.

या खेपेला अंतर सतरा सेकंदांचं होतं. तिने कान बंद केल्यासारखे करून फक्त हातांकडे पाहिलं. हात सुरेख चालले होते.

अ‍ॅम्पमधला सूर मध्येच तुटला.

गाणं संपायला अजून बराच अवकाश होता.

मग अ‍ॅम्पमधून गिटार फरशीवर आदळल्याचा आवाज आला. आठही तारा एकदम झणझणल्या, आणि त्या कुणी हाताने दाबल्या नाहीत. झणझण आपोआप विरेपर्यंत चालत राहिली.

गिटार अजून केर्त्तूच्या मांडीवरच होती.

सांपो पडद्याकडे पाहत होता. त्याचे ओठ सतरापासून उलटे आकडे मोजत होते. "थांब ना," तो हळूच म्हणाला.

"आत्ता नको," केर्त्तू म्हणाली. "आत्ता कुठे वेळेवर येतेय."

ती वाजवत राहिली.