गव्हाशी सोयरीक

प्रयोगशाळेच्या पांढऱ्या टेबलावर, एका स्टीलच्या ताटलीत, घडीची एक पोळी ठेवलेली होती. तव्यावरून उतरून फार वेळ झाला नसावा. तिच्यावरचं तूप अजून पुरतं जिरलं नव्हतं. भोवती रक्तदाब मोजणारी, रक्त तपासणारी यंत्रं मांडलेली होती आणि दाराशी एक नर्स इंजेक्शन भरून तयार उभी होती.

गिरिजा होनराव त्या पोळीकडे बघत बसली होती. पाच वर्षांची असताना तिला सीलिअ‍ॅक हा गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार असल्याचं निदान झालं, त्याला आता तीस वर्षं होत आली होती. तेव्हापासून गव्हाचा कण तिने जाणूनबुजून पोटात जाऊ दिला नव्हता.

"सर, पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली. "खायच्या आधी मला नीट समजून घ्यायचंय."

डॉ. श्रीपाद नाडगौडा हसले. स्वास्थ्यवेध संस्थेत गेली बारा वर्षं ते याच एका प्रश्नामागे लागले होते. "तुम्ही स्वतः सूक्ष्मजीवतज्ज्ञ. तुम्हाला मी काय सांगू?"

"मी शहराचं पाणी तपासते. जंतूंचं मला कळतं. माझ्याच पेशींचं कळत नाही."

"मग ऐका. आपल्या आतड्यात पहारेकरी पेशी असतात. गव्हातलं ग्लुटेन पूर्ण पचत नाही, त्याचे तुकडे उरतात. बाकीच्यांचे पहारेकरी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. तुमच्या पहारेकऱ्यांना ते शत्रू वाटतात. ते हल्ला करतात आणि त्या धुमश्चक्रीत आतड्याचं अस्तर झडून जातं. गहू बिचारा काहीच करत नाही. घर मोडतात ते आपलेच लोक."

"आणि तुम्ही मला टोचलेत ते सूक्ष्ममणी?"

"त्या मण्यांवर आम्ही ग्लुटेनचे तीन तुकडे बसवले आणि वर शरीराचीच एक खूण लावली. आपल्या मेलेल्या पेशींवर शरीर जी खूण लावतं, ती. यकृत ती खूण वाचतं आणि ठरवतं, हे आपलंच आहे. मग ते संयमी पेशी तयार करतं. ग्लुटेन दिसलं की या पेशी जाग्या होतात आणि पहारेकऱ्यांना गप्प बसवतात. म्हणून याला आम्ही स्वकीय उपचार म्हणतो."

"पण त्रास देणारे तुकडे तर डझनांनी आहेत. तुम्ही तिघांचीच ओळख करून दिलीत."

"तीच तर यातली मेख!" डॉक्टरांचे डोळे चमकले. "संयमी पेशी जागी व्हायला ओळखीचा चेहरा लागतो. पण एकदा जागी झाली, की ती भोवतालच्या सगळ्याच पहारेकऱ्यांना शांत करते. वरातीतले दोघे-तिघे ओळखीचे निघाले की आपण अख्खी वरात आत घेतो ना, तसं. एकेका तुकड्याशी सोयरीक जुळवत बसलो असतो, तर माझा जन्म गेला असता."

"आणि पुन्हा गहू बंद केला तर?"

"महिना-दीड महिना ओळखीचा चेहरा दिसला नाही, तर संयमी पेशी विरून जातात. म्हणून गहू रोज खायचा. हेच तुमचं पथ्य."

गव्हाचं पथ्य! गिरिजाला हसू आलं. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि नुसताच तोंडात टाकला. तिला वाटलं होतं, काहीतरी अद्भुत चव असेल. पोळी मऊ होती, किंचित गोड होती, इतकंच. तरी तिने ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. इंजेक्शनची गरज पडली नाही.

पोळीची चव हा तिचा प्रश्न कधी नव्हताच. सोलापुरात ज्वारीच्या भाकरीला तोटा नव्हता. तिचं पोट भाकरीवर आनंदाने भरे. प्रश्न होता तो माणसांत बसून जेवण्याचा. गव्हाच्या पाठोपाठ गिरणीत दळलेली ज्वारी तिला चालत नसे. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे लोकांना पटत नसे. लग्नात आपला डबा घेऊन ती कोपऱ्यात बसे. "एवढ्याशा प्रसादाने काय होतंय?" हे वाक्य तिने इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, की त्यावर उत्तर देणंही तिने सोडून दिलं होतं. एवढ्याशा प्रसादाने पुढचे आठ दिवस काय होतं, ते तिचं तिलाच माहीत.

एकाच घरात तिला कधी कोपऱ्यात बसावं लागलं नव्हतं. शिवानंदशी लग्न होऊन ती आली, त्या आठवड्यात सासूबाईंनी घरातला गव्हाचा डबा रिकामा केला. शिवानंद आईला अव्वा म्हणे, म्हणून तीही अव्वाच म्हणू लागली. पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी, सगळं अव्वांनी नवं आणलं. शेजारणीने विचारलं, "सुनेसाठी तुम्ही का पोळी सोडायची?" अव्वा म्हणाल्या, "घरात दोन चुली मांडायला आम्ही काय वाटण्या केल्यात?"

उपचार यशस्वी झाल्याचं कळलं, त्या दिवशी अव्वांनी कणीक आणवली. हात विसरलाय की काय म्हणत त्यांनी पोळ्या लाटल्या आणि तिघंही एका ताटाभोवती बसली.

गिरिजाचं वजन वाढलं. चेहऱ्यावर तेज आलं. ऑफिसातल्या नसीमने सगळ्यांना पावभाजीच्या गाडीवर नेलं. गिरिजाने चार पाव खाल्ले. दोन आठवड्यांनी त्या गाडीवर जेवलेले तिघे टायफॉइडने आडवे झाले. नसीम तर दवाखान्यात होती. गिरिजाला साधी कणकणही आली नाही. "आता तुझं पोट लोखंडाचं झालंय," शिवानंद म्हणाला.

संक्रांतीला तिने आयुष्यात पहिल्यांदा शेंगापोळ्या केल्या. अव्वा शेजारी बसून सांगत होत्या, ती लाटत होती. कडा फुटल्या, सारण बाहेर आलं. तव्यावरून उतरलेल्या पोळ्या तिने हाताने थापटून सारख्या केल्या, कागदात बांधल्या आणि इमारतीतल्या घरोघरी स्वतः नेऊन दिल्या.

महिना संपायच्या आत इमारतीत ताप सुरू झाला. आधी खालच्या मजल्यावरचे गुरुजी, मग समोरच्या घरातल्या दोघी बहिणी, मग अव्वा. टायफॉइडच, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. बाकीचे हळूहळू सावरले. अव्वांचं वय सत्तरीच्या पुढचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या आतड्याला भोक पडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

दिवस-कार्य उरकल्यावर गिरिजा कामावर गेली ती थेट इमारतीच्या पाण्याचे नमुने घेऊन. टाकी, नळ, शेजारची विहीर. पाणी स्वच्छ होतं. दूधवाला, भाजीवाला, सगळे तपासून झाले. कुठेच जंतू सापडला नाही.

"एक माणूस राहिलाय," नसीम चाचरत म्हणाली. ती आता बरी होऊन कामावर आली होती. "तू."

"मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

गिरिजाने स्वतःचा नमुना स्वतःच काचेच्या बशीत पेरला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तेव्हा बशीभर काळ्या टिपक्यांच्या वसाहती उगवल्या होत्या. मध्ये मोकळी जागा म्हणून नव्हती. इतके जंतू पोटात असलेला माणूस उभाही राहू शकला नसता. ती मात्र सकाळी दोन पोळ्या आणि भाजी खाऊन आली होती.

नाडगौडांनी तिचं रक्त तीनदा तपासलं. टायफॉइडशी लढल्याची एकही खूण त्यात नव्हती.

"तुमच्या शरीराला तो जंतू दिसतच नाही," ते शेवटी म्हणाले.

"दिसतो, सर. पण तो गव्हाबरोबर आला. पावाबरोबर." ती सावकाश बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. "ओळखीच्यांबरोबर आला, म्हणून संयमी पेशींनी त्यालाही आत घेतलं. मी दिवसातून तीनदा गहू खाते. म्हणजे दिवसातून तीनदा पहारेकऱ्यांना गप्प केलं जातं. तो माझ्या पित्ताशयात आरामात वाढतोय. मला ताप येत नाही, कारण ताप जंतूने येत नाही. शरीर लढतं म्हणून येतो. माझं शरीर लढतच नाही."

नाडगौडांनी रक्ताचे तिन्ही अहवाल मिटले.

"औषधं देऊन बघू," नाडगौडा म्हणाले.

औषधांनी जंतू कमी झाले. बंद करताच पुन्हा वाढले. औषध जंतूला दमवतं. उरलेले वेचून संपवायचं काम शरीराचं असतं आणि तिचं शरीर हाताची घडी घालून उभं होतं. उपाय एकच उरला होता. गहू बंद करायचा, संयमी पेशी विरू द्यायच्या.

"मग पुन्हा सीलिअ‍ॅक," नाडगौडा म्हणाले. "आणि ते सोडा. पहारेकरी जागे होतील तेव्हा त्यांना एकदम इतके जंतू दिसतील. तुमच्या सासूबाईंना झालं, तेच तुम्हाला होऊ शकतं. मी तुम्हाला हे करा असं सांगू शकत नाही."

"उपचार घेतलेले किती जण आहेत?"

"सहाशेच्या वर."

घरी तिने शिवानंदला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तो खिडकीशी पाठ करून उभा राहिला.

"अव्वाला तो जंतू तुझ्याकडून गेला."

"हो."

"तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मला हे सगळं कळतं, गिरिजा. पण तुझ्याकडे बघितलं की कळेनासं होतं." तो दुसऱ्या खोलीत निघून गेला. तिने त्याला थांबवलं नाही.

नाडगौडांनी उपचार घेतलेल्या सगळ्यांची पडद्यावर बैठक बोलावली. त्यांनी स्वतःची चूक आडपडदा न ठेवता सांगितली. ज्यांचे नमुने तोवर तपासून झाले होते, त्यांतल्या दर दहांपैकी एकाच्या पोटात कुठला ना कुठला जंतू बिनबोभाट नांदत होता. माणसं ऐकत होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हळूहळू राग चढत होता.

"मला काहीही होत नाहीये," लातूरचे एक गृहस्थ म्हणाले. अशोक भालेराव त्यांचं नाव. "चाळीस वर्षांनी मी पंगतीत बसलो. नातवाच्या बारशाला जेवलो. माझ्या पोटात जंतू सापडलाय, मान्य. पण मी ठणठणीत आहे. आणि तुम्ही म्हणता, पुन्हा डबा घेऊन कोपऱ्यात बसा? वर जिवाला धोका पत्करून?"

"तुमचा नातू ठणठणीत आहे का?" गिरिजाने विचारलं.

दुसऱ्याच कोणीतरी ओरडलं, "आधी तुम्ही करून दाखवा!"

"मी आजपासूनच सुरू करतेय," ती म्हणाली.

संस्थेतल्या काचेच्या खोलीत तिची सोय झाली. आजवर तिने पथ्य पाळलं होतं ते स्वतःच्या आतड्यासाठी. चुकलं तर भोगायचं तिचं तिला. आताचं पथ्य लोकांसाठी होतं आणि पाळलं तर भोगायचं तिलाच. ज्वारीची भाकरी, भात, वरण. चौथ्या आठवड्यापर्यंत काही झालं नाही. रोज सकाळी ती तापमापी तोंडात धरे आणि रोज पारा होता तिथेच असे. नाडगौडा तिच्या रक्तातल्या संयमी पेशी मोजत. त्या कमी होत होत्या, पण संपत नव्हत्या.

शिवानंद पाचव्या आठवड्यात आला. काचेपलीकडे खुर्ची ओढून बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि मग रोज येऊ लागला.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी गिरिजा उठली ती कुडकुडत. दात दातांवर आपटत होते, डोकं फुटेलसं दुखत होतं, पोटात कोणीतरी मूठ आवळत होतं. तिने तापमापी उजेडात धरली. एकशे तीन.

नाडगौडा धावतच आले. रक्ताचा अहवाल हातात घेऊन ते दारातच थांबले. "लढतंय," ते म्हणाले. "तुमचं शरीर लढतंय. जंतू ओळखलाय त्याने." मग एकदम भानावर येत त्यांनी नर्सला औषधं सुरू करायला सांगितलं. आता त्या औषधांना शरीराची साथ होती. पुढचे दहा दिवस कसे जातील, हे मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"बैठकीचा पडदा चालू करा," गिरिजा म्हणाली. "सगळ्यांना बघू दे."

पडद्यावर एकेक चौकोन उजळत गेला. कोणी नुसतंच बघत होतं, कोणी हात जोडले होते. भालेराव पुढे वाकून बसले होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "फार त्रास होतोय का हो?"

धीर द्यावा असं तिला क्षणभर वाटलं. पण या माणसांना आजवर पुष्कळांनी 'काही होत नाही' असंच सांगितलं होतं.

"हो," ती म्हणाली. "फार होतोय."

भालेरावांनी मान हलवली. मग पडद्याबाहेर कोणाला तरी हाक मारून म्हणाले, "अगं, आजपासून माझं ताट वेगळं वाढ."

काचेपलीकडे शिवानंद उठून उभा राहिला होता. त्याने नर्सकडून संरक्षक कपडे मागून घेतले, घाईघाईने चढवले आणि आत येऊन हातमोज्याचा हात तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं. त्याने हात काढला नाही.