बारावी फुली

मला भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची हौस नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी माणसांना माझ्या आवाजाने पुरेसे घाबरवले आहे. त्यासाठी भुताची गरज पडली नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते घडलेले आहे, असे समजूनच वाचावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावे. मी आग्रह करणार नाही.

असे प्रकार रात्री होतात, असा लोकांचा समज असतो.

हा भर दुपारी सुरू झाला. मंगळवारी, पावणेचार वाजता, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

माझी भाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, लोकांचे कान तपासते. एका दवाखान्याच्या तळमजल्यावर तिची खोली आहे. त्या खोलीत आणखी एक खोली. कपाटाहून थोडी मोठी, जाड दाराची, काचेची एक छोटी खिडकी असलेली. दार लावले की बाहेरचे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पेशंट आत बसतो. कानांना हेडफोन, हातात बटण. भाची काचेबाहेर मशीनपाशी बसून बारीक बारीक आवाज सोडते. आवाज आला की बटण दाबायचे. बाहेर हिरवा दिवा लागतो.

पण तिची एक पद्धत आहे. मधेच ती काहीच सोडत नाही. कधी चार सेकंद, कधी पंधरा. कारण पुष्कळ माणसे आपल्याला ऐकू येते हे दाखवण्यासाठी अंदाजाने बटण दाबत राहतात. आवाज नसताना दिवा लागला की भाची कागदाच्या कडेला एक लहान फुली मारते. फुल्या वाढल्या की दार उघडून हसत म्हणते, “काका, परीक्षा नाहीये ही. इथे कोणी नापास होत नाही.”

तिचा स्वतःचा डावा कान ठार बहिरा आहे. वयाच्या नवव्या वर्षापासून.

जिन्यावरून पडली, असे तेव्हा डॉक्टरांना सांगण्यात आले.

ती जिन्यावरून पडली नव्हती.

माझा भाऊ बाहेर अतिशय सज्जन म्हणून ओळखला जाई. कपड्याला सुरकुती नाही, तोंडात वावगा शब्द नाही. भावजय लवकर गेली. पोर सहा वर्षांची. वरच्या खोलीत ती अभ्यास करायची, झोपायची. संध्याकाळी तो कामावरून येई, हातपाय धुई, आणि जिना चढू लागे. लाकडी जिना. अकरा पायऱ्या. त्याला घाई कधीच नसे. पोर वर बसून पायऱ्या मोजी. सहाव्या-सातव्या पायरीवरून तो परत फिरला, असेही काही दिवस होते. अकरा झाल्या की मग कडी वाजे. एका संध्याकाळी अशीच कडी वाजली, आणि त्यानंतर तिच्या डाव्या कानाला काहीही ऐकू आले नाही.

सतराव्या वर्षी एक पिशवी घेऊन ती घराबाहेर पडली. कपड्यांच्या दुकानात उभे राहून काम केले. आठ जणींच्या खोलीत एका खाटेवर राहिली. शिकली. आज चाळिशीत तिचे दोन खोल्यांचे भाड्याचे घर आहे, झाडांच्या सतरा कुंड्या आहेत, आणि मोठ्याने हसायची सवय आहे. घर बघायला गेली की तिचा पहिला प्रश्न असे, “जिना चढावा लागतो का?” घरमालकांना वाटे, बाईंचे गुडघे गेले. तळमजल्याखेरीज ती कधी राहिली नाही.

हे सगळे तिने कोणाच्या मदतीशिवाय उभे केले. माझ्या तर नाहीच.

भाऊ गेला तेव्हा मी तिला फोन केला. “कळलं,” एवढेच म्हणाली. आली नाही. लोकांनी नावे ठेवली. मीही ठेवली.

त्यानंतरच्या चौथ्या आठवड्यातला तो मंगळवार.

दुपारचे पेशंट चार वाजता सुरू होतात. त्याआधी मशीन तपासावे लागते. भाची स्वतः आत बसते, दार लावून घेते, हेडफोन चढवते आणि आधी नुसती शांतता ऐकते. त्यात खरखर नसावी, हा नियम. मग एकेक आवाज उजव्या कानाने तपासायचा.

त्या दिवशी खरखर नव्हती.

काहीच नव्हते…

टप्.

लाकडावर चपलेची टाच. एकदाच.

तिने काचेतून पाहिले. बाहेर कोणी नव्हते. कोणी असते तरी त्या दारातून चपलेचा आवाज आत येत नाही. आणि मग तिच्या लक्षात आले की आवाज उजव्या कानाला आलेलाच नाही.

तो डाव्या कानाला आला होता.

एकतीस वर्षांनी त्या कानाने पहिल्यांदा काही ऐकले, आणि ऐकले ते हे.

बुधवारी दोन टाचा.

गुरुवारी तीन.

शुक्रवारी तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना गाठले. “मॅडम, माझाच कान बघा ना एकदा.” ती आत बसली. उजव्या कानात फसफस असा सारखा आवाज सोडून तो कान झाकून टाकला, म्हणजे त्याने मधे लुडबुड करू नये. मग डाव्याची तपासणी झाली. दार उघडून बाई हसत सुटल्या.

“डावा जसाच्या तसा. दगड! पण लोकांच्या फुल्या मारता मारता तूही लबाडी शिकलीस की गं.”

“किती फुल्या?”

“चार. एकापाठोपाठ, अगदी सावकाश. मी तर तेव्हा मशीनला हातसुद्धा लावला नव्हता, चहा पीत होते.” मग तिचा चेहरा पाहून त्या थांबल्या. “काय गं? काय झालं?”

“काही नाही,” भाची म्हणाली.

आमच्या घरात वाढलेली मुलगी ती. काही झाले की काही नाही म्हणायचे, हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते. मीच शिकवले होते.

शनिवारी पाच. रविवारी दवाखाना बंद. तिला वाटले, साखळी तुटेल. सोमवारी बरोबर सहा. कामावर परिणाम होऊ लागला. पेशंटने बटण दाबले की दिवा खरा की खोटा, याची तिला खात्री वाटेना. एका म्हाताऱ्या शिक्षकांची तपासणी तिने तीनदा केली. ते कंटाळून म्हणाले, “बाई, मला ऐकू येत नाही ते मान्य आहे हो. आता किती वेळा मान्य करू?” ज्या कामावर तिने आयुष्य उभे केले, तेच काम हातातून सुटू लागले होते.

आणि टाचा चढतच होत्या. आठ. नऊ. दहा.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, तिचा मला फोन आला. तेवीस वर्षांत तिने आपणहून केलेला पहिला फोन. घर सोडल्यापासून ती मला ‘तुम्ही’ म्हणते. वर लिहिलेले सगळे तिने मला एका दमात सांगितले. मग म्हणाली, “आत्या, उद्या अकरावी. त्यानंतर दार आहे.”

मी म्हटले, “मनाचे खेळ आहेत. विश्रांती घे.”

“एक विचारू? तुमची खोली जिन्याच्या बरोबर खाली होती. स्वयंपाकघराला लागून. तुम्हाला कधी काही ऐकू आलं?”

“नाही. मी कामात असायचे.”

हे उत्तर माझ्या तोंडात तयार असते. एकतीस वर्षे मी ते वापरले आहे.

ती म्हणाली, “मला दुसरं काही नको. भरपाई नको, माफी नको. ते मी एकटीच ऐकत होते का, एवढंच मला कळायला हवं. त्याशिवाय उद्या त्या खोलीत मी बसू शकणार नाही.” मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला. “तुमचे कान तपासायचे राहिलेत. उद्या साडेतीनला या.”

दोन वर्षे सगळे मला कान तपासून घ्या म्हणत होते. मी म्हणत असे, मला व्यवस्थित ऐकू येते, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. पण त्या दिवशी मी नाही म्हणू शकले नाही.

शनिवारी मी त्या खोलीत बसले. तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, बटण हातात दिले. तिची बोटे गार होती.

“आवाज आला की दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. खरं तेच.”

दार लागले.

सुरुवातीला शिट्टीसारखे बारीक आवाज आले. मी दाबत गेले. मग आवाज थांबले. काचेपलीकडे तिने दोन्ही हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

पावणेचार.

शांतता…

टप्.

माझ्या अंगठ्याने बटण दाबले. मी दाबले नाही, अंगठ्याने दाबले.

टप्.

त्या चपला मी ओळखत होते. मीच आणल्या होत्या त्या, भावाला सोसतील अशा, जाड टाचेच्या.

तीन. चार.

आता मी खरे लिहिते. मला रोज ऐकू येत असे. प्रत्येक पायरी. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोजत असे, पोर वर मोजायची तशीच. सातपर्यंत मी थांबत असे. आठवी वाजली की मी नळ सोडत असे. पूर्ण. खाली बादली नसली तरी. पाणी मोरीतल्या पत्र्यावर इतके जोरात पडे की पुढचे काही ऐकू येत नसे. ऐकले नाही, म्हणून घडले नाही. घर माझ्या हातात होते. त्या घरात माझ्या शब्दापुढे कोणी गेले नसते, तोही नाही. तो शब्द मी उच्चारला नाही. आणि डॉक्टरांना जिन्याचे मीच सांगितले. पोर माझ्या शेजारी बसली होती, कानात कापूस घालून.

सात.

आठ…

त्या खोलीत नळ नव्हता.

नऊ. दहा. मी हेडफोन काढायला हात उचलू गेले. हात उचलला गेला नाही.

अकरा.

कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज झाला. आणि मग, एकतीस वर्षांपूर्वी पाण्याच्या आवाजाखाली बुडालेले ते सगळे माझ्या कानांत सावकाश, स्पष्ट, पहिल्यापासून आले. ते मी लिहिणार नाही.

शेवटी एक बारीक आवाज. नऊ वर्षांच्या पोरीचा.

“आत्या…”

दार उघडले तेव्हा माझा पदर ओला होता. भाची कागद हातात घेऊन उभी होती. पावणेचारनंतर तिने एकही आवाज सोडलेला नव्हता. कागदाच्या कडेला अकरा फुल्या होत्या, एकाखाली एक. आणि थोडी जागा सोडून आणखी एक.

“अकरा मी ओळखते,” ती म्हणाली. “ही बारावी कशाची?”

 

“तू हाक मारलीस,” मी म्हटले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

“म्हणजे तुला ऐकू येत होतं.”

तेवीस वर्षांनी ती मला ‘तू’ म्हणाली. ते जवळिकीचे नव्हते.

तिने कागदाची घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, “दोन्ही कानांना मशीन लागेल. काउंटरवर विचारा.” आणि दाराकडे वळून, “पुढचे या.”

डॉक्टरीणबाईंनी नंतर कंपनीचा माणूस बोलावून तपासणीचे मशीन उघडून पाहिले. त्यात दोष सापडला नाही. भाचीला त्यानंतर त्या टाचा कधीच ऐकू आल्या नाहीत. तिचा डावा कान पुन्हा पहिल्यासारखा बहिरा आहे. गेल्या महिन्यात तिने घर बदलले, असे बाईंकडूनच कळले. दुसरा मजला. लिफ्ट नाही. कुंड्या तिने स्वतः एकेक करून वर नेल्या म्हणे. मला तिने फोन केला नाही. करणारही नाही, आणि ते योग्यच आहे.

मी अजून त्याच घरात, जिन्याखालच्या त्याच खोलीत राहते. वरची खोली बंद आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे.

कानातली मशिने आणली. पहिल्या दिवशी लावली, आणि जिन्यावर…

एक पाऊल.

मी मशिने काढून डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन. मशीन नसतानाही. नळ सोडून पाहिला. पाण्यातूनही तितकेच स्पष्ट ऐकू आले.

भाऊ असावा, असे आधी वाटले. तो असता तर मला भीती वाटली नसती. त्याला मी सांभाळले होते, आजही दटावले असते.

पण ही पावले चपलेची नाहीत. अनवाणी आहेत, हलकी आहेत, लहान मुलाची. आणि ती चढत नाहीत.

उतरत आहेत.

भाची जिवंत आहे, हसते आहे, दुसऱ्या मजल्यावर झाडांना पाणी घालते आहे. मग हे कोण, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

काल दहा झाली.

आज मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आहे. साडेतीन वाजून गेले आहेत. नळ बंद आहे.